लाल कोटांच्या मागे

दुष्काळ सरला त्या वर्षी मी केम गावाहून सोलापूरला कॉलेजात आलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे तिथं कसं वागायचं असतं हे विचारायला कुणी नव्हतं. सुरुवातीला माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे. मीही बोलत नसे. एके दिवशी वर्गात शेजारच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "काय बे, तुझा बँड कुठला?"

शहरात वरातीत आणि गणपतीत वाजवणारे दोन मोठे बँड होते. एकाचे कोट लाल, दुसऱ्याचे पांढरे. त्यावरून पोरं एकमेकांशी अबोला धरत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी लाल कोट पाहिले होते, म्हणून म्हटलं, "लाल."

"मग बस की हितं," तो म्हणाला.

तो लिंगायत घरातला, घरात कन्नड बोलणारा. त्याच्यामुळे मला आणखी चार मित्र मिळाले. कुणाचंही लग्न असो, बोलावणं नसताना आम्ही बँडपुढे टाळ्या धरत चालायचो. लाल कोटांच्या क्लॅरनेटचा आवाज मी पेठेच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू लागलो. मी कोण, याचं काहीतरी उत्तर तेव्हा पहिल्यांदा माझ्याजवळ होतं. हे वाचायला पोरकट वाटेल, पण तसंच होतं.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. एके दिवशी तो मित्र कॉलेजात आला नाही, म्हणून दुपारी मी त्याच्या घराकडे निघालो. पेठ ठाऊक होती, घर नव्हतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दुकानं बंद. या शहरात यंत्रमागांचा खडखडाट कानाला सतत असतो, पण त्या गल्लीत तोही नव्हता. आणि त्या शांततेत क्लॅरनेट ऐकू आलं. लग्नातलीच चाल, पण इतकी संथ की ओळखीची असून ओळखीची वाटेना.

तरी मी आवाजाच्या दिशेनं पळालोच. तो तिथं असणार, याची खात्री होती.

वळणावर लाल कोट दिसले. त्यांच्यामागे खांद्यांवर फुलांनी मढवलेलं मखर, आणि त्यात मांडी घालून बसलेले एक म्हातारे गृहस्थ. कपाळभर भस्म, रेशमी फेटा, गळ्यात हार. ढोलाच्या ठोक्याला त्यांची मान हलत होती. अगदी ठोक्यावर. मला वाटलं, कुणी मोठे स्वामी असावेत, आणि आपल्यासारखेच शौकीन. मी पुढं झालो, टाळी धरली, त्यांच्याकडे बघून हसलो. त्यांचे डोळे अर्धे उघडे होते. ते माझ्याकडे बघत आहेत असं मला वाटलं. कधी कधी अजूनही वाटतं.

मखर जवळ आलं तेव्हा नाकातला कापूस दिसला. फेट्याखालून एक पट्टी मागच्या उभ्या दांड्याला बांधलेली होती.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला आडवं नेतात. यांच्यात बसवून नेतात, बसवूनच पुरतात, हे मी कधी ऐकलं नव्हतं. खांदेकरी ठोक्यावर पावलं टाकत होते, म्हणून मान हलत होती. माझे हात टाळीच्या मधेच राहिले.

आणि पुढच्या दांड्याखाली माझा मित्र होता. माझ्याकडेच बघत होता.

मला वाटलं, संपलं. हे याचे आजोबा असणार, आणि त्यांच्या प्रेताकडे बघून मी हसलो. आता त्या बाकावर मला कोण बसू देणार?

त्याच्यामागच्या काकांनी रागानं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. तो मराठीतच बोलला, बहुतेक मला कळावं म्हणून.

"आमचाच हाय, काका. लाल कोटाचा. अज्जानंच सांगितलं होतं की, रडणारे कमी आना आणि बँड हाच आना." मग मला म्हणाला, "टाळी का सोडलीस बे?"

माझे हात उचलेनात. ते त्यानं पाहिलं असावं. तो थोडा सरकला आणि त्यानं दांड्याखाली जागा केली. मी खांदा दिला. ढोलाचा ठोका लाकडातून हाडात उतरत होता, आणि प्रत्येक ठोक्याला वर, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, काहीतरी हललेलं जाणवत होतं. मी वर बघितलं नाही.

वाटेत कुणीतरी खांदा बदलायला आलं. मित्रानं मानेनंच नको म्हटलं, आधी स्वतःसाठी, मग माझ्याकडे बघून माझ्यासाठीही.