वळणावर मी वळलो नाही

“आधी तोंड धू,” पाटलांचा धाकटा म्हणाला. “गुलालात ओळखू येईना झालायस. व्हिडिओत तोंड दिसलं पाहिजे.”

देवळाच्या खालच्या पायरीजवळ नळ आहे. तिथं मी तोंड धुतलं. गुलाल लवकर निघत नाही. भुवयांत राहतो, कानामागं राहतो. वर ओट्यावर गावची जाणती माणसं बसली होती. मी तोंड घासत होतो आणि ती बघत होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मी सांगलीत एका खाजगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. शिकवत होतो. गाव म्हसवडच्या पलीकडं. यात्रेला आलो होतो. माझा गुन्हा सांगतो.

यात्रेच्या दिवशी देवाची पालखी सगळ्या गावातून फिरते. सगळ्या म्हणजे आमची आळी सोडून. आळीच्या तोंडाशी वळण आहे. तिथं पालखी थांबते, वळते, परत जाते. गावात दारोदारच्या बायका पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालतात. आमच्या बायका वळणावर येतात आणि लांबून हात जोडतात. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. रस्ता अरुंद आहे. त्याच रस्त्यानं कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर रोज जातो.

यंदा वळणाच्या अलीकडं पुढच्या दांडीखालच्या माणसाला धाप लागली. त्यानं न बघताच बाजूला हात केला. मी खांदा दिला. तोंडं सगळ्यांची गुलालानं सारखीच. वळण आलं. मी वळलो नाही. माझ्या जोडीचा गडबडला, पण माझ्यासोबत आला. ढोल एवढे जोरात होते की मागच्यांना वाटलं, यंदा असंच ठरलंय. पालखी आमच्या आळीत शिरली. थेट आमच्या दारापर्यंत आली. आई घागर घेऊन उभी होती. तिनं आमच्या पायांवर पाणी घातलं. दांडीला हात लावला. मग मागून कुणीतरी ओरडलं आणि ढोल थांबले.

पाटलांचा धाकटा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. माणूस वाईट नाही. अडचण तीच आहे. त्यानं मला बाजूला घेतलं.

“हे बघ गड्या, म्हातारी माणसं तापलीत. तुमच्या आळीचा किराणा, दळण बंद करायचं म्हणतायत. मी मिटवतो. एक छोटा व्हिडिओ करू. इंग्रजीत कर, गावच्या ग्रुपवर पुण्या-मुंबईची सगळी पोरं आहेत. अननोइंगली झालं म्हण. विषय संपला.”

पहिल्यांदा मी ‘बाय मिस्टेक’ म्हणालो. त्याला ते शाळकरी वाटलं. मग ‘ॲक्सिडेंटली’ म्हणालो. त्यावर तो म्हणाला, पाय घसरल्यासारखं वाटतं. मग त्याच्यापेक्षा भारी शब्द मीच सुचवला. ‘इनॲडव्हर्टंटली’. तो खूश झाला. मास्तर आहेस खरा, म्हणाला.

मी हात जोडले. मोबाईलकडं बघून ते वाक्य म्हटलं. आणि खरं सांगतो, त्या वेळी माझं सगळं लक्ष उच्चाराकडं होतं. व्ही नीट आला पाहिजे. माझा अपमान चालला होता आणि मी उच्चार सांभाळत होतो.

दोन वर्षांपूर्वी याच धाकट्याच्या गाडीनं आमची गाभण शेळी मारली होती. तेव्हा तो काच खाली करून ‘ॲक्सिडेंटली’ म्हणाला होता. त्याला कुणी तोंड धुवायला सांगितलं नव्हतं. आमच्याकडून काही झालं की ते मुद्दाम. त्यांच्याकडून काही झालं की ते आपोआप. आपोआप होण्याचे सगळे शब्द त्यांच्याकडं आहेत. त्यातला एक त्यांनी मला वापरायला दिला आणि मी उपकार मानले.

आळीत पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. आईला इंग्रजी येत नाही. तिनं शेजारच्या पोरीच्या मोबाईलवर तो परत परत बघितला होता.

“देवळाम्होरं उभा ऱ्हाऊन इंग्रजीत बोललास,” ती म्हणाली. “लय ग्वाड बोललास. एकाला बी उलटून बोलता आलं न्हाई.”

तिला वाटलं, मी त्यांना जाब विचारला. मग हात कशाला जोडलेस, असंही तिनं विचारलं नाही. देवळासमोर माणूस हात जोडतोच. चुलता चहा घेऊन आला. गड्यानं त्यांच्याच ओट्यावर त्यांची बोलती बंद केली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसला. पोरं माझ्याकडं बघत होती. मी कप हातात घेतला. चहा प्यालो. तो माझ्या नावचा चहा नव्हता.

माझे वडील आता नाहीत. ते आठवडी बाजारात पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची, त्यांवरच मी अक्षरं ओळखायला शिकलो. शोषण, हक्क, संघर्ष. मला ‘बदक’च्या आधी ‘बहिष्कार’ वाचता येत होता. त्या पत्रकांत छपाईच्या चुका खूप असायच्या. पण ‘आमच्याकडून नकळत घडलं’ असं एकाही पत्रकात नव्हतं.

सांगलीला परत आलो, तर व्हिडिओ फिरत फिरत तिथंही पोचला होता. आमचा क्लास गुळाच्या अडतीच्या वर आहे. नेमका क्रियाविशेषणांचा धडा चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला.

“सर, इनॲडव्हर्टंटलीचं वाक्य सांगा की. तुमचं वाक्य पाठ हाय आमाला.”

क्लास हसला. पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिला खरंच अर्थ हवा होता. मी फळ्याकडं तोंड करून सांगितलं, लक्षात न येता झालेलं. तिनं विचारलं, “म्हणजे कळलं असतं तर केलं नसतं, असं ना सर?”

“हो,” मी म्हणालो.

ते ‘हो’ माझ्या अंगावर आलं. कळलं असतं तर केलं नसतं. म्हणजे मी गावाला काय सांगून आलो होतो? ही पालखी आहे आणि ही आमची आळी आहे हे कळलं असतं, तर मी वळलो असतो. पालखी आमच्या दारात आणायचा आम्हाला हक्क नाही, हे मला मान्य आहे. माझ्या आयुष्यातलं एकच काम मी पुरतं कळून केलं होतं. तेवढंच मी त्यांना परत देऊन आलो होतो.

तरीही मी सुधारलो नाही. त्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. म्हाताऱ्यांचं समाधान होत नाही, म्हणाला. तुझ्या आईनं दांडीला हात लावला, पाणी घातलं. आईंचाही एक व्हिडिओ लागेल. “एकच शब्द शिकव त्यांना. अननोइंगली. सोपा आहे.”

मी बरं म्हणालो. कशानं म्हणालो? दळण बंद होईल या भीतीनं, आणि भांडण वाढलं तर क्लासचे मालक कामावरून काढतील या भीतीनं. ते ‘बरं’ घेऊन मी रविवारी गावी गेलो.

आई सुपात ज्वारी निवडत होती. मी म्हणालो, आये, एक शब्द म्हणायचा हाय. तिनं म्हणून बघितला. जीभ अडकली, ती हसली. परत म्हणाली.

“म्हंजी काय रं?”

खोटं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी सांगितलं. नकळत झालं, असा अर्थ हाय.

तिचे हात थांबले.

“नकळत कसं? घागर मी सकाळीच भरून ठेवली हुती. दरसाल भरती. पालखी येत न्हाई. मग सांजंला त्येच पानी शेरडाला पाजती.” मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “तू तितं इंग्रजीत ह्येच बोललास व्हय?”

“व्हय.”

तिनं शिव्या दिल्या नाहीत. सूप बाजूला सारलं.

“मी आळीला सांगिटलं, माझं प्वार भांडलं म्हनून,” एवढंच म्हणाली.

मी तसाच उठलो आणि देवळाकडं गेलो. धाकटा ओट्यावर मोबाईल काढून तयारच होता. आई कुठायत, त्यानं विचारलं. मी म्हणालो, ती येणार नाही, मीच बोलतो, आणि मराठीत. त्यानं व्हिडिओ सुरू केला.

मी म्हणालो, “मागं मी खोटं बोललो. पालखी मी कळून आमच्या आळीत नेली. माझ्या आईनं कळून पाणी घातलं.”

त्यानं मध्येच बंद केलं. वेडा आहेस का, नोकरी जाईल तुझी, असं म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मी माझा मोबाईल काढला, तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि स्वतःच ग्रुपवर टाकलं.

नोकरी गेली. गावच्या गिरणीनं आईचं दळण परत पाठवलं. आता मी ते म्हसवडला नेतो. पण सगळ्यात अवघड काम आळीत होतं. घरोघर जाऊन मी पहिल्या व्हिडिओचा अर्थ सांगितला. चुलता ऐकता ऐकता उठून आत गेला. अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे. मला ते हलकं करून घ्यायचं नाही.

पुढच्या यात्रेला पालखी वळणावर येईल तेव्हा पुढच्या दांडीखाली मी असेन. चोरून शिरणार नाही. आधी सांगेन, लिहून देईन, पोलिसांना देईन, गावाला देईन. पालखी सरळ येईल. नाही आली, तर त्या वळणावर आमच्यातलं कुणीही हात जोडून उभं राहणार नाही.