वगळलेली एक नोंद

चामोर्शीला आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. गावोगावच्या बाळंतपणांचे फॉर्म तिथे यायचे. मी ते कम्प्युटरवर चढवायची आणि वर्षाअखेरी त्यांचे तक्ते काढायची. तक्त्यांचा प्रोग्राम लिहायला मला संस्थेच्या प्रमुख मॅडमनी शिकवलं. त्यांचा एकच हट्ट होता. प्रोग्राम सुरू होताना लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची नोंदवही, उघडायची, संपताना बंद करायची, आणि तक्ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे. स्क्रीनवरचं निघून जातं, म्हणायच्या. उद्या कुणी विचारलं की हा आकडा कुठून आला, तर दाखवता आलं पाहिजे.

मी लॉग ठेवायची, वाचायची मात्र क्वचितच.

त्या वर्षी वाचला, कारण आलेले फॉर्म आणि तक्त्यातले जन्म यांत एकाचा फरक पडत होता. बरंच खाली एक ओळ सापडली : जन्माचं वजन कोरं, म्हणून एक नोंद वगळली. प्रोग्राममधली ती अट माझीच होती, कधीतरी घाईत लिहिलेली. क्रमांकावरून फॉर्म काढला. गाव माझं माहेर. मुलगी. चार तास जगलेली.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गावच्या तलावात मासे धरतो. त्या दिवशी नाल्याला पूर होता. आरोग्य खात्याची आशाताई वजनकाटा घेऊन पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. गेलेल्या जिवाला काट्यात टांगायला तिचा हात धजला नाही, आणि तिने तो रकाना कोरा ठेवला. मीही पुरामुळे चामोर्शीतच अडकले होते. भाचीला मी पाहिलंच नाही. तिचा फॉर्म मात्र मीच चढवला होता, एका दमात, कुणाला काही न सांगता. आणि मीच तिला गाळून टाकलं होतं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी फॉर्म हातात घेऊन वाचला. मग म्हणाल्या, वजनाच्या तक्त्यात वजनाशिवाय घेता येत नाही, पण मृत्यूंच्या तक्त्यात ती आलीच पाहिजे. मी अट तेवढ्या एका तक्त्यापुरती ठेवली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. जन्म जुळले, मृत्यूंचा आकडा एकाने वाढला. काम दुरुस्त झालं म्हणून बरं वाटायला हवं होतं. मी बाहेर जाऊन हापशीवर तोंड धूत राहिले.

रविवारी माहेरी गेले. भावजय अंगणात मासे साफ करत होती, मीही शेजारी बसले. बराच वेळ बाजारच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग तिने खाली बघतच विचारलं,

"बाई, तुमच्या कम्प्युटरात माही पोरगी हाये का?"

"हाये," मी म्हटलं.

"नाव त ठेवलंच नाई आमी. मंग लिवली कशी?"

"नंबर हाये तिले."

तिने नंबर विचारला. मी सांगितला. तिने तो दोनदा हळूच म्हणून पाहिला.

"आनखी काय काय लिवलं?"

मी गाव, दिवस, वेळ सांगितली. वजन राहिलं, हेही सांगितलं. सांगायला नको होतं.

तिचे हात थांबले. "मले कोनी इचारलंच नाई," ती म्हणाली. "मी मांडीवर घेतली होती न. भारी होती, बाई. लिवा तुमी, भारी होती."

मी हो म्हटलं. त्या रकान्यात फक्त आकडा बसतो. तो आजही कोराच आहे.