दोनशे चारची बेल

किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. चार पुरुष एकत्र बसवा आणि म्हणा, "बायकांना होणारी मारहाण आपण थांबवायची!" बस्स. पुढे नुसतं बघत राहायचं. फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत असं मंडळ निघालं. मी वयाने लहान, म्हणून सेक्रेटरी.

*

दुसऱ्या मजल्यावर दोनशे चारमध्ये राहणाऱ्या शैलावहिनी मार खातात हे अख्ख्या बिल्डिंगला ऐकू यायचं. पण मीटिंगमध्ये नाव कुणी घेईना. सगळे म्हणत होते, "एका घरात..."

सगळ्यात जोरात बोलले पवार. "असल्या नवऱ्याला उभा फोडला पाहिजे!" टाळ्या! एकमताने अध्यक्ष.

पवार म्हणजे शैलावहिनींचे मिस्टर.

*

नियम ठरला. आवाज आला की जायचं, बेल वाजवायची, काहीतरी मागायचं. तेवढ्यात मारणारा थांबतो.

आवाज आला. मी धावत कदमकाकांकडे. "काका, चला!"

काका म्हणाले, "अध्यक्षांची परवानगी घेतलीस का?"

*

पुढच्या वेळी डिमेलो अंकल एकटे गेले. पवारांनी दार उघडलं. "काय पाहिजे?"

अंकल गडबडले. "पानी."

"शैला, पाणी आण!"

सुजलेल्या डोळ्याने वहिनींनी पाणी आणलं. अंकल प्यायले, थँक्यू म्हणाले, खाली आले.

"मग?" मी विचारलं.

"गार होतं."

*

मग पवारांनी बेलच काढून टाकली. मी मीटिंगमध्ये विषय काढला. शिकल्यासवरल्या माणसांनी पाऊण तास चर्चा केली. नवीन बेल कुठल्या कंपनीची घ्यावी!

चहा वहिनींनीच आणला होता. ट्रे ठेवून त्या पहिल्यांदा बोलल्या, "उद्या दुपारी दोघं जण मोकळे आहात का? जड सामान उतरवायचंय."

*

दुसऱ्या दिवशी पवार ऑफिसला गेले आणि वहिनींनी बोलावलेला सुतार आला. बिजागऱ्या खोलल्या. मी आणि अंकलनी दोनशे चारचं दार जिन्यावरून खाली आणलं, टेम्पोत घातलं आणि गास गावात अंकलच्या वाडीत केळींच्या मागे उभं केलं.

तेव्हापासून जिना चढणाऱ्याला पवारांचा अख्खा हॉल दिसायचा. "काय पवारसाहेब, जेवण झालं का?" येणारा विचारतो, जाणारा विचारतो. कदमकाका तर पहिल्या मजल्यावर राहून दुसरा चढून यायचे! मारहाणीचा आवाज बंद.

महिन्याभराने पवार टेरेसवरच्या मीटिंगमध्ये उसळले. "माझं दार कधी येणार?"

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं.

"पॉलिशला दिलंय," वहिनी म्हणाल्या. "वाळलं नाही अजून."

भर मे महिना. शेजारीच वाळत टाकलेले पापड कडकडीत झाले होते.

कदमकाकांनी टकलावरचा घाम पुसला आणि मला म्हणाले, "लिहून घे रे. वाळलं नाही."