मेश्राम काकाजींच्या आवाजात

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. ओल्या, गुलाबी भुयारासारखं काहीतरी दिसत होतं आणि त्याच्या तळाशी दोन पांढुरक्या पट्ट्या. एक हलत होती, दुसरी जागच्या जागी होती. तो माझाच गळा होता.

"ही पट्टी हलत नाही ना, तिथे गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. बरा होऊ शकतो, पण स्वरयंत्र काढावं लागेल."

मी घोगऱ्या आवाजात विचारलं, मग बोलणार कसा? ते म्हणाले, "ते आपण नंतर बघू. आधी तुम्ही जगलं पाहिजे."

मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगला आहे. ट्रक उभे, हमाल चढलेले, इंजिनं सुरू, आणि त्या सगळ्यावरून ओरडून कोणता माल कुठे ते सांगायचं, हेच माझं काम. आवाज बसला तेव्हा धुळीनं बसला असं वाटलं. हळदीचं दूध झालं, गुळण्या झाल्या, काढे झाले. बिडी मात्र सुटली नव्हती. हे वाचणाऱ्याला एकच सांगतो, आवाज दोन-तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही तर घरचे उपाय थांबवा आणि गळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. लॅरिंगोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं गळा आतून पाहणं, ही काही मोठी गोष्ट नाही. मी ती टाळत राहिलो.

ऑपरेशनचं नाव लॅरिंजेक्टॉमी. स्वरयंत्र पूर्ण काढतात आणि श्वासाची नळी गळ्याच्या खळगीत बाहेर उघडतात. त्या भोकाला स्टोमा म्हणतात. पुढे आयुष्यभर श्वास तिथूनच. नाकाला वास येत नाही, चहा फुंकून गार करता येत नाही, आवाज तर नाहीच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात पडून होतो. शोभा, माझी बायको, संत्रं सोलत बसली होती. दारातून एक म्हातारे गृहस्थ आले. अंगात पांढरा शर्ट, गळ्याला सुती रुमाल. त्यांनी टॉर्चएवढं काहीतरी हनुवटीखाली टेकवलं. आधी एक छोटा 'हंम्' असा नाद आला, दारावर कोणी बोटानं टकटक करावं तसा. मग ओठ हलले आणि आवाज आला. चढ नाही, उतार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्यातून शब्द कापून काढावेत तसा. शोभाच्या हातातली फोड खाली पडली.

"भिऊ नका," तो आवाज म्हणाला. "मेलेल्याचा आवाज वाटते ना? मी जित्ता आहो."

हे मेश्राम काकाजी. बिजली ऑफिसातून लाईनमन म्हणून रिटायर झालेले. माझ्यासारखंच ऑपरेशन होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. दर मंगळवारी ते नागपुरातल्याच इंदोऱ्याहून बसनं यायचे आणि ज्याचा आवाज जाणार असेल त्याच्या खाटेशी बसायचे. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी पाठवलेलं नव्हतं. घरी गेलेल्या पेशंटांना रोज सकाळी फोनही करायचे. त्यांनी मला ते यंत्र दाखवलं. त्याला इलेक्ट्रोलॅरिंक्स म्हणतात. गळ्याला लावून बटण दाबलं की ते थरथरतं, आणि ती थरथर तोंडात नेऊन जीभ-ओठांनी शब्द घडवायचे. काकाजींच्या यंत्राचं बटण जरा अडकायचं, पहिल्या दाबाला नुसताच 'हंम्' निघायचा, दुसऱ्या दाबाला बोलणं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो, शोभाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि काहीच झालं नाही. ते 'काहीच नाही' मला अजून सांगता येत नाही. आपण घरात आहोत, दार उघडं आहे, पण आपण नाही, असं काहीतरी.

पुढे रेडिएशन सुरू झालं. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. घरी शोभा स्वयंपाकघरातून काही बोलायची, उत्तर यायचं नाही, मग पदराला हात पुसत बघायला यायची की मी आहे ना. मी टाळी वाजवायचो. रेडिएशनच्या वेटिंग हॉलमध्ये आम्ही गळ्याला रुमाल बांधलेले सगळे रांगेत बसायचो, आणि तो हॉल इतका शांत असायचा की नवीन आलेली माणसंही आपोआप कुजबुजत बोलायची.

त्याच दिवसांत काकाजी गेले. न्यूमोनिया झाला होता. मला ते थेरपिस्ट मॅडमकडून कळलं. मॅडम आम्हाला बोलायला शिकवायच्या. माझी सूज उतरल्यावर त्यांनी एक कापडी पिशवी पुढे केली. आत काकाजींचं यंत्र होतं. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, स्वतः आणून देऊन गेल्या होत्या. काकाजींनी सांगून ठेवलं होतं म्हणे, हे घरात ठेवायचं नाही, वॉर्डात द्यायचं.

मेलेल्या माणसाचा चष्मा घालतात, घड्याळ घालतात. पण हे हातात घेतल्यावर ते गरम असेल असं मला का वाटलं कोण जाणे. थंडच होतं.

मॅडमकडे शिकलो. एका दुपारी घरी शोभा पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. मी यंत्र टेकवलं. 'हंम्'. मग म्हटलं, "शोभा."

ती वळली नाही. नुसती आखडली. नंतर हळूच म्हणाली, "काकाजी?"

पुढचे कितीतरी दिवस मी बोललो की ती दुसरीकडे बघायची. तिचा इलाज नव्हता. ती म्हणायची, डोळे मिटले की खाटेजवळ ते बसलेले दिसतात. माझ्याशी बोलताना ती डोक्यावर पदर घ्यायला लागली, जसा ती त्यांच्यासमोर घ्यायची. माझ्याच घरात मी वडीलधारा पाहुणा झालो होतो.

मग मॅडमनी एक काम सांगितलं. भिवापूरकडचे एक पेशंट होते, नत्थूजी. मिरची लावणारा माणूस. त्यांनाही स्वरयंत्र काढायला सांगितलं होतं, पण ते घाबरून गावी परत गेले होते. काकाजी त्यांना रोज फोन करून समजावत होते. काकाजी गेले आणि फोन थांबले. नत्थूजींना श्वासाचा त्रास वाढला होता. "त्यांना डॉक्टरांचं पटत नाही, तुमचं पटेल," मॅडम म्हणाल्या. "वेळ फार नाही त्यांच्याकडे."

मी अंगणात उभं राहून फोन लावला. पलीकडे कोणीतरी उचलला. मी यंत्र टेकवलं, 'हंम्' झालं, आणि मी एक शब्द बोलायच्या आत पलीकडून फाटका, घरघरणारा आवाज आला.

"काकाजी! काहून फोन नाही केला इतके दिवस? मी म्हटलं, तुमी बी सोडलं मले."

ते बोलत राहिले. झोप येत नाही, निजलं की गळा आवळल्यासारखा होते. सून म्हणते चला नागपूरले, पण मन घेत नाही. "तुमी म्हणान तसं करतो," ते म्हणाले. "तुमी म्हटलं या, तर येतो."

फक्त 'या' म्हणायचं होतं. काकाजींच्याच आवाजात, त्यांच्याच ओळखीवर. माणूस वाचला असता. पण तो येऊन वॉर्डात काकाजींना शोधेल, आणि तिथे त्याला कळेल की आपल्याला मेलेल्या माणसाच्या आवाजानं बोलावून आणलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

मी म्हटलं, "नत्थूजी, मी काकाजी नाही. गजानन आहो, वाडीचा. काकाजी वारले. हे यंत्र त्यांचं आहे."

जगात असा फोन कोणी केला असेल का मला माहीत नाही. काकाजी वारले हे मी काकाजींच्या आवाजात सांगत होतो आणि ते माझ्या कानांनाही तसंच ऐकू येत होतं. पलीकडून फक्त घरघर, आत-बाहेर. मला वाटलं आता फोन ठेवून देतील.

मग ते म्हणाले, "तुमचं झालं ऑपरेशन?"

"हाव."

"आन् बोलून राहिले तुमी."

"बोलून राहिलो."

परत घरघर. मग म्हणाले, "वारले बी, आन् मले फोन बी करून राहिले. आता नाही कसं म्हणू? येतो."

दुसऱ्या दिवशी सुनेसोबत ते आले. मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसलो. ते माझ्या तोंडाकडे पाहायचे नाहीत, यंत्राकडेच पाहायचे, आणि मी उठलो तेव्हा त्यांनी नमस्कार यंत्राला केला. त्यांचं ऑपरेशन नीट झालं.

ते सांगायला मी इंदोऱ्याला काकूंकडे गेलो. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी काकाजींचा फोटो होता, गळ्याला तोच रुमाल. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यांनी डोळे मिटले. मी थांबलो तर म्हणाल्या, "बोला ना."

जाताना त्यांनी एक मागणं केलं. काकाजी घरातून निघताना रोज 'मी येतो' म्हणायचे. शेवटी गळ्याच्या स्टोमावर ऑक्सिजनचा मास्क होता, यंत्र टेकवता आलं नाही. ते राहून गेलं.

मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "मी येतो."

"हाव, या," काकू म्हणाल्या. त्यांनी दाराची चौकट धरली होती. मग माझ्या हातातलं यंत्र घेऊन त्यांनी मागचं टोपण उघडलं आणि आतला बारीक स्क्रू दाखवला. तो फिरवला की आवाज जाड-बारीक होतो. काकाजींनी तो आपल्या मनासारखा लावून घेतला होता. "आता तुमी तुमचा लावून घ्या," त्या म्हणाल्या. "नाही तर मले सवय लागून जाईन. अन् तुमच्या बायकोलेही त्रास होत असन."

मला हात लावायचा धीर होईना. शेवटी मॅडमनीच स्क्रू फिरवून दिला आणि अडकणारं बटणही साफ करून दिलं. आवाज थोडा जाड झाला, आणि आधीचा 'हंम्' गेला. घरी येऊन मी शोभाला चहा मागितला. ती बाहेर आली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "साखर किती?" डोक्यावर पदर नव्हता. मला रडू आलं. स्टोमातून रडताना नुसती शिट्टीसारखी हवा निघते, ते पाहून ती हसली.

आता मंगळवारी वॉर्डात मी जातो. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढं धरून ठेवावं की आवाज जातो, बोलणं जात नाही. आपल्याला बोलतं करायला कोणीतरी कधीकाळी बस पकडून आलेलं असतं. काकाजींना मी मोजक्याच वेळा भेटलो. माझं प्रत्येक वाक्य त्यांच्या देण्यातून निघतं.

आवाज बदलल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा नत्थूजी अजून वॉर्डातच होते, गळ्याला पट्टी, उशीला टेकलेले. मी नाव घेऊन हाक मारली. त्यांनी चमकून यंत्राकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटानं अक्षरं काढली. मला दोनदा काढायला लावावी लागली.

'आता गेले काकाजी?'

"हाव," मी म्हटलं. "आता मी आहो."

त्यांनी माझी मूठ मिटली आणि बराच वेळ हात सोडला नाही.