कद्दीशला दहा माणसं

मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी बाबा टॅक्सीवाल्याशी भांडत होते. बॅगा टपावर नकोत, डिकीतच घाल, असा त्यांचा हट्ट. आई दारात उभी राहून रडत होती. बाबांनी तिच्याकडे न बघताच मला फर्मावलं, "तिला रडू दे, तू पासपोर्ट बघ." शेजारच्या काकूंना राहवलं नाही. "एकुलती लेक चालली, आता तुमच्यामागं कद्दीश कोण म्हणणार हो?" बाबा हसले. "मी मरतोय कुठं एवढ्यात!" कद्दीश म्हणजे गेलेल्या आईबापासाठी म्हणायची प्रार्थना, आणि ती म्हणायचा मान मुलाचा. बाबांना मुलगा नव्हता. अलिबागजवळच्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तुमच्यातले निम्मे इस्रायलला, अश्दोदला गेलात, काही अजून गावातच आहात, म्हणून दोघांनाही समजेल असं लिहिते. गावात आपण बेने इस्रायली यहुदी म्हणजे एकाच साच्यातले. घरात मराठी, शनिवारी चूल बंद, चांगलं काही घडलं की पोह्यांचा मलिदा. प्रार्थनेला पुरुष खाली, बायका माडीवर. जगातले सगळे यहुदी असेच असणार, असं मी धरून चालले होते. कुठं विचारायची वेळच आली नव्हती.

सिंगापुरात सेंगकांगला फ्लॅट घेतला, नोकरी तुआसच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात. तिथं एकीनं मला शनिवारच्या एका मंडळात नेलं. एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये पंचवीसेक यहुदी जमतात. कुणी शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याला, दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही, कुणाकडे बाईच प्रार्थना चालवते, कुणाचा देवावर विश्वास नाही पण गाणी आवडतात म्हणून येतो. एकमेकांना सुधारायचं नाही, एवढ्यासाठीच हे मंडळ. आपल्यात हे चाललं असतं का? पहिल्याच बैठकीत भांड्याला भांडं लागलं असतं.

मी मात्र पहिल्याच दिवशी घोळ घातला. शेजारी एझ्रा अंकल बसले होते. बगदादहून आलेल्या घराण्यातले, ऐंशीच्या घरातले, इथंच जन्मलेले. आपल्याकडे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी विचारतात तसं मी विचारलं, "कशानं आलात? एमआरटीनं?" एमआरटी म्हणजे इथली मेट्रो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मंडळाचा एकच नियम, कोण कसं आलं हे विचारायचं नाही. कारण शब्बाथला गाडीत बसणं काहींना पाप, आणि काही तर टॅक्सीनंच आलेले. अंकल दीड तास चालत आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते शांतपणे म्हणाले, "चालत आलो. गुडघ्यांना बरं." पुढं तेच माझ्याशी सगळ्यांत जास्त बोलू लागले. चर्चेला, जेवायला ते सगळ्यांबरोबर बसत. प्रार्थनेला मात्र त्यांच्या जुन्या सिनेगॉगमध्ये जात.

मग बाबा गेले. आपल्यात पुरायला वेळ लावत नाहीत. माझं विमान उतरलं तेव्हा पुरणं उरकलं होतं. कद्दीशला दहाजण लागतात, म्हणून नंतरच्या प्रार्थनेसाठी पनवेलहून पुरुष बोलावले होते, आणि कुणीतरी लांबच्या नात्यातल्यानं ती म्हटली. मी माडीवरून आमेन म्हटलं. मला राग आला, पण कुणावर काढणार?

बाबांच्या वर्षाचा दिवस आला तेव्हा ठरवलं, या वेळी मीच म्हणणार. अंकलच्या सिनेगॉगमध्ये विचारलं. बायका म्हणत नाहीत, आमच्यातला एकजण बाबांसाठी म्हणेल, असं तिथल्या लोकांनी फार आपुलकीनं सांगितलं. इथंच वाढलेली माझी दहा वर्षांची लेक नोआ इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, दॅट वन नॉट फेअर, ला." मी तिला गप्प केलं, पण मंडळाला कळवलं. मंडळात बायकांनाही दहात मोजणारे होते.

त्या संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर फंक्शन रूममध्ये मला धरून नऊजण जमले, चार पुरुष आणि पाच बायका. दहावी म्हणून येणार होती ती बाई आजारी पडली. सूर्य कलायला लागला; मावळला की बाबांचा दिवस संपणार होता. तेवढ्यात अंकल आले, नुसते माझ्यासोबत बसायला. आता आमच्या हिशेबानं दहा झाले, त्यांच्या हिशेबानं पाच. आमच्यात दहावे व्हा, असं त्यांना कुणी म्हणेना. एकमेकांना सुधारायचं नाही, मंडळच त्यासाठी.

त्यांनीच मला इंग्रजीत विचारलं, "तुझे वडील काय म्हणायचे? किती लागतात?"

"दहा माणसं," मी मराठीतच म्हटलं, आणि अर्थ सांगितला.

"माणसं म्हणजे पुरुष की कुणीही?"

खोटं बोलायला काय हरकत होती? मराठीत बाईसुद्धा माणूसच, बाईमाणूस म्हणतो आपण. पण बाबा मला चांगले माहीत होते. "शब्दाचा अर्थ कुणीही असा होतो, अंकल. पण बाबांच्या मनात पुरुषच असणार," मी म्हणाले. एवढं बोलून मला रडू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा.

ते बराच वेळ टोपी सारखी करत बसले. मग उठून उभे राहिले. "मोजायचं ते तुम्ही मोजा. मी मोजणार नाही. मी आमेन म्हणेन."

मी सुरुवात केली. लहानपणापासून माडीवरून ऐकलेली कद्दीश, एकटीनं कधी म्हटली नव्हती. मधे एकामागून एक सारखेच वाटणारे शब्द येतात, तिथं अडकले. सगळे कागदात बघू लागले. पुढचा शब्द अंकलनी सांगितला, हळूच. आणि मग त्याच्या पुढचाही.

घरी येऊन आईला फोन केला. ती आता गावात जवळजवळ एकटीच. आपली चारच घरं उरलीत, दहाजण कुठले जमायचे! सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं, बायका मोजल्या तेसुद्धा. चिडेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "अडखळलीस होय गं? पाठ कर नीट. माझ्या वेळेलाही तूच म्हणायचीस. तिथंच म्हण."

एरवी आईचा फोन "घरी कधी येतेस?" यावरच संपतो. त्या दिवशी तिनं विचारलं नाही.