भाऊजींचा पाय, माझे दंड आणि आरमोरीचा मुक्काम

बाईचा निरोप आला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या व्यायामशाळेत लोखंड उचलत होतो. बाई म्हणजे माझी मोठी बहीण सुजाता, आरमोरीजवळच्या एका खेड्यात दिलेली. पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. भाऊजींची बैलबंडी बांधावरून उलटली, पाय मोडला, पंजापासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. घरात दुसरा पुरुष नव्हता आणि धान शेतात उभं होतं.

"तू जा," आई म्हणाली. तिने माझी पिशवी आधीच भरायला घेतली होती.

मी कबूल केलं, पण जीव थोडा झाला. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दिवाळीनंतर शरीरसौष्ठव स्पर्धा होती आणि त्यासाठी वर्षभर घाम गाळला होता. व्यायामशाळेत शिकवणाऱ्या काकांना विचारलं, आता कमावलेलं सगळं जाईल का?

"असं नाई जात," काका म्हणाले. "थोडं का होईना, रोज जोर लाव. वजन नसन तर बैठक हळू उतर. खाणं तोडू नको, झोप तोडू नको. बाकी काई नाई."

तुमच्यापैकी कोणाची व्यायामशाळा सुटणार असेल तर इतकंच सांगेन. मला तेवढं पुरलं.

एसटी मूल, सावली ही गावं करत गडचिरोलीला गेली. वैनगंगा ओलांडताना पाणी तांबडं आणि भरलेलं होतं. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता, तरी गडचिरोलीच्या स्टँडवर माणसं अजून चंद्रपूरला 'जिल्ह्याला' म्हणत होती. चहा आणि आलुबोंडा खाऊन दुसरी गाडी धरली. दोन्ही बाजूंना साग आणि मोह, मध्येच धानाची हिरवी बांधी, म्हणजे खाचरं. आरमोरीहून पुढे एका ओळखीच्या बंडीत बसून गावात पोचलो. आता रस्ता चांगला आहे. सकाळी चंद्रपूर सोडलंत तर दुपारचं जेवण आरमोरीत होतं.

भाऊजी ओसरीवर खाटेवर पडले होते. "जयभीम," मी म्हणालो. ते हसले नाहीत. एवढा गप्पा मारणारा माणूस, तोंड भिंतीकडे करून पडला होता.

बाईने मला आत नेऊन हळू आवाजात सांगितलं, "डॉक्टरनं सांगतलं का मांडी आवळा, धरून ठेवा, सोडा, दिवसातून कितीकदा. ते करतच नाई. म्हणते, पाय तर गेलाच, आता काय आवळू."

दुसऱ्या दिवसापासून माझं काम ठरलं. उठलं की बैल, मग विहिरीवरून कावडीने पाणी, मग भाऊजींना उचलून अंगणात आणायचं. पहिल्यांदा उचललं तेव्हा प्लास्टरसकट ते जड लागले. त्यांनी मान फिरवून घेतली. मोठ्या माणसाला असं उचलून घेताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी ते दाखवलं नाही.

त्यांना सावलीत बसवून मी शेजारी दंड काढू लागलो. मग तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन बैठका. ते बघत राहिले.

"काऊन एवढा जीव काढून राह्यला?" त्यांनी विचारलं.

"स्पर्धा आहे. इथी लोखंड नाई, म्हणून. नाईतर अंग उतरन."

"मंग माह्या पायाचं काय होत असन?"

"तेच होते, भाऊजी. म्हणून डॉक्टरनं आवळाले सांगतलं."

मी पुढची बैठक उतरलो तेव्हा त्यांचा जबडा घट्ट झाला होता, आणि प्लास्टरच्या वरच्या कडेला मांडी हलली. चुलीजवळून बाई बघत होती. तिने भाकरी तव्यावर करपू दिली.

तेव्हापासून आमचं जोडीनं चाललं. मी बैठक उतरायचो, ते मांडी आवळायचे. जेवायला भात, तुरीचं वरण, घरच्या कोंबड्यांची अंडी, कधी वैनगंगेचे मासे. बाई आमच्या दोघांच्या ताटात सारखंच वाढायची. भाऊजी पुन्हा गप्पा मारू लागले.

दिवाळी जवळ आली. प्लास्टर निघायचं ते लांबलं, कारण हाड अजून कच्चं होतं. भाऊजी म्हणाले, "तू जा. तुह्यी स्पर्धा हाये. मी करीन कसाबी."

रात्रभर विचार केला नाही, खोटं कशाला सांगू. त्यांना सकाळी खाटेवरून उचलायचं कोणी, एवढंच मनात आलं. मी राहिलो.

प्लास्टर आरमोरीच्या दवाखान्यात कापलं. आतला पाय काडीसारखा निघाला, कातडी पांढरट. भाऊजींनी पटकन त्यावर धोतर ओढलं. बाईने ते बाजूला केलं आणि गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. डॉक्टरांनी मांडी चाचपली. "आवळत होता वाटते तुमी. बरं झालं. आता हळूहळू भार द्या."

अंगणात त्यांनी माझा दंड धरला आणि उभे राहिले. बोटं इतकी रुतली की वळ उठले. रोज थोडं जास्त चालले. कापणी सुरू झाली तेव्हा काठी टेकत बांधापर्यंत आले, खाली बसले आणि एक लोंबी हातात चोळून दाणे मोजल्यासारखे बघत राहिले. मी विळा घेऊन पुढे गेलो, कारण त्यांना तिथे एकटं बसायचं होतं.

धान खळ्यात आल्यावर मी परतलो. स्पर्धा होऊन गेली होती. सदऱ्याच्या बाह्या किंचित सैल झाल्या होत्या, पाठ मात्र घट्ट होती. व्यायामशाळेत सुरुवातीला वजन जड गेलं, मग थंडी सरायच्या आत जुन्या जागी आलं. अंग विसरत नाही, हे तेव्हा कळलं.

आरमोरीहून घरी पोचलो त्या संध्याकाळी आईने माझ्याकडे पाहिलंच नाही नीट. पाण्याचा गिलास दिला आणि विचारलं, "चालते का जावई?"

"चालते."

"कसा चालते? दाखव."

मी गिलास खाली ठेवला आणि एक पाय थोडा जपून टाकत भिंतीपर्यंत गेलो, वळून परत आलो. आई एकटक माझ्या पायांकडे बघत होती.

"अजून एकदा," ती म्हणाली.