खलास म्हणजे पुरे की संपलं?

मंडळी, आज दुपारी नाताळच्या जेवणाला पूर्ण तयारीने गेलो होतो. साखर वाढलीय, म्हणून आधी सॅलड, मग थोडा पुलाव आणि शेवटी एकच नेवरी, म्हणजे आपली करंजी, असं घरीच ठरवलं होतं.

घर इथल्या, ओमानमधल्या सोहारच्या माझ्या प्लांटमधल्या फ्रान्सिसचं. वाढायला त्याची आई, चार दिवसांपूर्वीच वेंगुर्ल्याहून आलेली.

नेवरी खाल्ली आणि ताटावर हात धरून म्हटलं, "मावशी, खलास!"

"खलास झाली? थांब हां, आणखी हाडतंय!" आणि ताटात दोन नेवऱ्या.

त्या संपवून मी जरा जोरात, "खलास, खलास!" मावशी खूश. आता केकसुद्धा आला.

शेवटी हात जोडले. "मावशी, पुरे. मला डायबेटिस आहे."

मावशीने केक तिथल्या तिथे उचलला. "मगे इतको वेळ खलास खलास कित्याक करत होतस?"

सात वर्षं ओमानात काढली. इथे अरबीत 'खलास' म्हणजे 'पुरे', म्हटलं की चहावालासुद्धा थांबतो. मावशीला मात्र ते 'संपलं, आणखी वाढा' वाटलं!

अजून आठवडाभर पार्ट्या आहेत. सगळीकडे जाणार, जेवणारही. फक्त 'पुरे' मराठीत म्हणणार.

तुम्ही आग्रहाला कुठल्या भाषेत थांबवता? आणि समोरचा थांबतो का?